पश्चिमेचा खुंटा

काथोड गेल्याची बातमी मला एका अर्जातून कळली. गेल्या कार्तिकात शहापूरच्या आमच्या मोजणीच्या कचेरीत मुरबाडकडच्या अर्जांचा गठ्ठा आला, त्यातल्या सातव्या अर्जावर ओळ होती, 'मयत काथोड धर्मा यांचे घर, गोठा व वाडा यांची हद्द कायम करून मिळावी.' अर्ज पुतण्यांचा होता आणि तारीख पाहता तेराव्याचं जेवण पचायच्या आत केलेला दिसत होता. मी ती ओळ दोनदा वाचली. खरं सांगायचं तर वाईट वाटण्याच्या आधी मला संशय आला. हा माणूस खरोखर गेला, की यातही त्याचा काही डाव आहे? पंधरा वर्षं ज्याच्याविषयी मनात दुसरं काही आलंच नाही, त्याच्या मरणाबद्दलही माझ्या मनात पहिल्यांदा तेच आलं. शेवटी शिरस्तेदारांना म्हटलं, हा अर्ज माझ्याकडे द्या, मी स्वतः जातो.

काथोड हा सिद्धगडाच्या पायथ्याच्या एका पाड्यावरचा कुणबी. भात आणि नागली करी, पण त्याची ओळख शेतीची नव्हती. त्याच्याकडे टकरीचे रेडे होते. आजोबांपासून एकाच म्हशीचा वंश त्यानं सांभाळला होता आणि त्या वंशातला रेडा मैदानात उतरला की मुरबाडपासून आसनगावपर्यंतची माणसं चालत बघायला येत. ज्यांनी टक्कर पाहिलेली नाही त्यांच्यासाठी सांगतो. पौष-माघात भात झोडून खाचरं मोकळी झाली की एखाद्या मोठ्या खाचरात दोन रेडे समोरासमोर सोडतात. ते डोक्याला डोकं लावून रेटतात. जो पाठ फिरवून पळतो तो हरतो. जिंकणाऱ्या मालकाला एक फेटा मिळतो, बाकी काही नाही. पण त्या एका फेट्यावर सगळं चालतं, कारण जिंकलेल्या रेड्याकडे चार गावचे लोक आपल्या म्हशी फळवायला आणतात. रेड्याचं नाव गेलं की म्हशी येत नाहीत, आणि म्हशी आल्या नाहीत की दोन पिढ्यांत तो वंश संपतो. काथोडची सगळी पुंजी म्हणजे हे नाव होतं.

मी त्यात कसा आलो? माझा मेव्हणा मुरबाडला राहतो, त्याच्याकडेही एक रेडा होता. मी मोजणीदार माणूस, माझ्याजवळ खिशातलं घड्याळ होतं आणि वही लिहिण्याची सवय होती, म्हणून गावकऱ्यांनी मला पाच पंचांत बसवलं. प्रत्येक टकरीची वेळ मी लिहून ठेवू लागलो. सहा वर्षांत काथोडच्या रेड्यांच्या अकरा टकरी मी पाहिल्या. त्यांतल्या नऊ त्यांनी चार मिनिटांच्या आत जिंकल्या. इतरांच्या टकरींना पाव तास, वीस मिनिटं सहज लागत. चार मिनिटांत काय होतं? दोघे डोकी लावतात, काथोडचा रेडा खांब रोवल्यासारखा उभा राहतो, समोरचा जरा रेटून पाहतो, थबकतो आणि पाठ फिरवतो. माझ्या मेव्हण्याचा रेडा तर दोन मिनिटं दहा सेकंदांत पळाला. मेव्हणा त्या दिवशी जेवला नाही.

लोकांत बोलवा होती की काथोड रेड्याच्या कपाळाला वाघाची चरबी चोळतो. सिद्धगडाच्या रानात तेव्हा वाघ होता, शिकारी होते, चरबी मिळणं अवघड नव्हतं. समोरच्या जनावराला वाघाचा वास आला की त्याचे पाय कापणारच. काथोडचं वागणंही संशयाला खतपाणी घालणारं. तो परगावी टकरीला आला की त्या गावचं पाणी पीत नसे, रेड्यालाही पाजत नसे. पेंढा घरचा, कुळथाचं खाद्य घरचं, पाण्याचे दोन हंडे कावडीला. एवढंच काय, दुधासाठी म्हणून एक म्हैसही बरोबर आणायचा. टक्कर सुरू होण्यापूर्वी कनवटीतून चिमूटभर भाताचा तूस काढायचा आणि तीनदा हवेत सोडायचा. लोक म्हणत, मंतर टाकतो. मंतरावर माझा विश्वास नव्हता. चरबीवर मात्र बसला.

लढाई सुरू व्हायच्या आदल्या वर्षी त्याच्या पाड्याजवळच्या रानाच्या हद्दीचं काम निघालं. मी ते मागून घेतलं. मुरबाडपर्यंत सर्व्हिस मोटार आणि तिथून पुढं पायी असा मी गेलो. घरून निघताना पत्नी म्हणाली, "त्या माणसानं तुमचं काय घोडं मारलंय, की सुट्टीच्या दिवशी सुद्धा त्याचाच विचार?" मी म्हटलं, पंचानं खात्री करून घ्यायला हवी. "खात्री आधीच झालेली दिसते," ती म्हणाली आणि डबा हातात दिला.

पाड्याच्या अगदी टोकाला त्याचं घर आणि घराहून मोठा गोठा. काथोड दारातच बसला होता, बुटका, रुंद, एका कानाची पाळी फाटलेली. मला बघून तो उठला.

"या, भाऊ. रान मोजायला आलात का रेडं मोजायला?"

"दोन्ही."

"मंग आधी पानी घ्या. उन्हातनं आलात."

"पाणी नको. पंचानं कुणाच्या घरचं घेऊ नये."

आतून त्याची बायको पारू म्हणाली, "का? आमच्या पान्यात काय रेडा बुडवलाय?"

"असू दे गो," काथोड म्हणाला. "मी तरी दुसऱ्याच्या गावचं पितो का?" आणि तो हसला. ते हसणं मला आवडलं नाही. माझ्या डब्याबरोबरची बाटली मी काढली आणि तिच्यातलंच पाणी प्यायलो.

गोठा पाहण्यासारखा होता हे मी तेव्हाही कबूल केलं होतं. छत्तीस हात लांब, तेरा हात रुंद. जमीन मुरुमाची, उतार बरोबर काढलेला, मुताचा थेंब साचत नव्हता. चार म्हशी, दोन मोठे रेडे, तीन रेडकं. प्रत्येकाची खुंट्याची जागा ठरलेली. मी टेप काढून मोजू लागलो तेव्हा तो मागून बघत राहिला, अडवलं नाही. प्रत्येक आईचा खुंटा पश्चिमेला आणि तिच्या पिलाचा बरोबर सात हातांवर पूर्वेला. रेडकू तीन वर्षांचं होईपर्यंत हा खुंटा बदलत नसे. दुसरं एक नवल म्हणजे गोठ्याचा पश्चिमेचा कूड अर्धाच होता, छातीच्या उंचीचा. आमच्याकडे पाऊस पश्चिमेकडून येतो, त्यामुळे शहाणा माणूस तीच बाजू आधी कारवीनं बंद करतो आणि शेणानं लिंपतो. यानं ती उघडी ठेवली होती आणि पावसाळ्यात पळसाच्या पानांचे झाप बांधून वेळ मारून नेत होता. मी वहीत लिहिलं, 'प. कूड अपुरा. कारण विचारले, "हवा लागते" एवढेच सांगितले.' खुंट्यांची अंतरंही लिहिली. माझा दोष असा की मी दिसेल ते सगळं लिहितो, पण हवं तेवढंच वाचतो.

मग तो आपल्या जनावरांबद्दल बोलू लागला. एरवी घुमा असलेला माणूस गोठ्यात वेगळाच होता. रेडकाची निवड कशी करतो, पहिला चीक किती पाजतो, कोणत्या महिन्यापासून कुळीथ शिजवून देतो, दुपारी चारच्या सुमाराला रोज त्याच्यासमोर घोंगडी झटकत कसा उभा राहतो, हे सगळं सांगितलं. "पयल्या दिवशी पळतंय. दुसऱ्या दिवशी कान हालवतंय. म्हैना गेला की घोंगडीलाच शिंग लावतंय." मी विचारलं, रेड्याचा बाप कसा निवडता? तो म्हणाला, "लोकं बाप बघत्यात, भाऊ. रेडा बापाचं शिंग घेतो. काळीज आयशीचं घेतो." आणि कपाळावर पांढरा ठिपका असलेल्या थोरल्या म्हशीच्या पाठीवर त्यानं हात ठेवला. तिचं नाव चांदी. तिच्या आईचंही नाव चांदीच होतं आणि आजीचंही. घरातली थोरली म्हैस ती चांदी, ती मेली की पुढची चांदी, ठिपका असो वा नसो. हीच म्हैस तो टकरीला दुधासाठी आणायचा.

आढ्याला टांगलेली एक मातीची बुधली माझ्या नजरेत पहिल्यापासून होती. तिच्या तोंडाला फडकं बांधलेलं. मी सरळ विचारलं, त्यात काय आहे?

"करंजाचं तेल. जखमेवर माशा बसू नयेत म्हनून."

"वास घेऊ?"

"घ्या की. पिऊन बी बघा, ते तरी आमच्या घरचं चालतंय का."

पारू दारातून खळखळून हसली. मी फडकं सोडलं, वास घेतला. उग्र होता, नाकात चढणारा. मग मोठ्या रेड्याच्या कपाळाचाही घेतला, तिथंही तसाच काहीसा. वहीत मी लिहिलं, 'उग्र वास. करंज असावे. दुसरेही काही असावे.' ही शेवटची ओळ मी आता पुन्हा पुन्हा वाचतो... दुसरंही काही असावं, हे कशावरून? पण त्या दिवशी मला ती ओळ अगदी काटेकोर वाटली होती.

परतीच्या वाटेवर, मोटारीची वाट बघत मुरबाडला बसलो असताना मी अकरा टकरींची पानं उलटली आणि मला एक गोष्ट दिसली. मी प्रत्येक टकरीला वाऱ्याची दिशाही लिहीत असे, मोजणीच्या साखळीला वारा लागतो म्हणून पडलेली सवय. आमच्याकडे हिवाळ्यात सकाळी वारा घाटाकडून, म्हणजे पूर्वेकडून उतरतो आणि दुपारनंतर फिरून कल्याणच्या बाजूनं, पश्चिमेकडून येतो. काथोडनं चार मिनिटांच्या आत जिंकलेल्या नऊच्या नऊ टकरींत त्याचा रेडा वारा पाठीवर घेऊन उभा होता. उरलेल्या दोन टकरी वारा पडलेला असताना झाल्या होत्या. त्यांतली एक बरोबरीत सुटली आणि दुसरी जिंकायला बावीस मिनिटं लागली. वारा पाठीमागून आला की रेड्याच्या कपाळाचा वास समोरच्याच्या नाकात जाणार! तूस कशासाठी उडवायचा तेही कळलं. एवढा चोख पुरावा मला आयुष्यात कधी मिळाला नव्हता.

पुढच्या माघात मी तो पंचांपुढे ठेवला. आकडे सगळ्यांना पटले. ठरलं असं की प्रत्येक रेड्याचं कपाळ राख आणि शिकेकाईनं पंचांदेखत धुवायचं आणि बाजू चिठ्ठी टाकून ठरवायची. नियम सगळ्यांना सारखा होता, तरी तो कुणासाठी केला आहे हे मैदानातल्या प्रत्येकाला माहीत होतं. काथोडनं कपाळ धुवायला हरकत घेतली नाही. स्वतः पाणी ओतलं. पण चिठ्ठीत पूर्वेची बाजू आली तेव्हा त्याचा चेहरा उतरला. टक्कर दुपारची होती, वारा पश्चिमेचा. तो माझ्याजवळ आला.

"भाऊ, माजी टक्कर उद्या सकाळला लावा. हीच बाजू ठेवा, माजं कायसुदिक म्हननं नाय."

"का?"

त्यानं खाली बघितलं. "आज वारा बरा नाय."

मला आणखी काय हवं होतं? मी मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "वारा बघून टक्कर लागत नाही, काथोड." लोक हसले. कोणीतरी ओरडलं, "वाघ धुतला गेला रे!"

रेडे सुटले. काथोडचा मेघ्या पुढं गेला, डोकं लावलं आणि रेटता रेटता मधेच थांबला. नाक वर केलं. एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. मग त्यानं डोकं सोडवलं, वळला आणि थेट पूर्वेच्या गर्दीत घुसला. माणसं बाजूला पळाली. गर्दीच्या मागं चांदी बांधलेली होती. मेघ्या तिच्याजवळ जाऊन थांबला आणि तिच्या पोटाशी तोंड घालून उभा राहिला, एवढा मोठा रेडा... पोरं नाचू लागली, "आयशीकडं पळाला! आयशीकडं पळाला!" हे सगळं मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. आणि वहीत लिहिलं, 'अडीच मिनिटे. पळाला.'

काथोड पुढं आला. कनवट सोडली, त्यातला सगळा तूस खाचरात झटकला. म्हशीचं दावं सोडलं, "चल गो" म्हणाला, ती निघाली आणि तिच्या मागोमाग रेडा, दावं न धरता. तो कुणाच्या हद्दीतून जातो आहे हेसुद्धा मी पाहत राहिलो. त्या दिवसापासून सगळ्या गावांत पक्कं झालं की काथोड वाघाची चरबी लावायचा आणि शहापूरच्या मोजणीवाल्यानं ती धुतली. मला पुढची दोन-तीन वर्षं लोक रस्त्यात थांबवून शाबासकी देत. त्याच्याकडे मात्र म्हशी येईनाशा झाल्या. तो पुन्हा कधी मैदानात आला नाही.

मग लढाई आली, महागाई आली, बेचाळीसनंतर सिद्धगडच्या रानात पोलिसांची वर्दळ वाढली आणि अनोळखी माणसाला कोणी ओटीवर घेईना. टकरीही दोन-तीन वर्षं बंदच पडल्या. काथोड मला एकदाच भेटला, लढाई संपली त्या हिवाळ्यात, मुरबाडच्या बाजारात. घोंगड्यांच्या दुकानासमोर उकिडवा बसला होता, केस पांढरे, फाटकी पाळी तशीच.

"घड्याल चालतंय ना अजून?" त्यानं विचारलं.

"चालतं."

"बरं हाय. मोजत रावा."

बोलता बोलता त्याचा हात कनवटीकडे गेला, तूस निघाला, हवेत उडाला. बाजाराच्या मध्यभागी, कसलीही टक्कर नसताना! मी विचारलं, हा मंतर कसला?

"मंतर कुठला? वारा बघतो. सवय लागली, जात नाय."

म्हणजे त्यानं स्वतःच्या तोंडानं कबूल केलं, असं मी घरी येऊन सांगितलं. पत्नी भाकरी थापत होती. ती म्हणाली, "वारा बघतो म्हणाला ना? चरबी लावतो म्हणाला का?" मी वही उघडून आकडे बघत बसलो.

तर असा हा माणूस मयत झाल्याचा अर्ज घेऊन मार्गशीर्षात मी त्या पाड्यावर गेलो, बरोबर दहा वर्षांनी. पुतणे साखळी धरायला हजर होते. त्यांना गोठा पाडून तिथं घर बांधायचं होतं. घराची आणि वाड्याची हद्द दुपारपर्यंत झाली, ते जेवायला गेले आणि मी गोठ्यात शिरलो. छत्तीस हातांच्या त्या गोठ्यात दोनच जनावरं उरली होती. एक म्हातारी म्हैस आणि एक तीनेक वर्षांचा रेडा. म्हशीच्या कपाळावर ठिपका नव्हता, तरी ती चांदीच असणार. खुंटे बघितले. आईचा पश्चिमेला, रेड्याचा पूर्वेला. मी टेप लावला. सात हात.

पारू अर्ध्या कुडाला टेकून उभी होती. ती आता फार वाळली आहे. म्हणाली, "परत मोजता? तेव्हा मोजलं होतं ना?"

"तेव्हा मोजलं, पण विचारलं नाही. हा खुंटा नेहमी पश्चिमेलाच का?"

तिनं आधी पुतणे गेले त्या वाटेकडे बघितलं. मग म्हणाली, "आता सांगायला काय हरकत हाय. ते तर गेलं." आणि तिनं सांगितलं. दुपारनंतर वारा पश्चिमेकडून येतो. आईच्या अंगाचा वास त्या वाऱ्यानं पिलाच्या पाठीवर येतो. तेवढ्याच वेळी समोर घोंगडी झटकायची. तीन वर्षं रोज. "पाठीला आयस हाय म्हनून समजलं की ते हालत नाय. मग म्होरं काय बी येऊं दे. म्होरचा रेडाच कटाळतो, हा मागं सरत नाय म्हनून." मैदानातही म्हैस न्यायची, वाऱ्याच्या अंगाला, गर्दीच्या मागं बांधायची. रेड्याला ती दिसली नाही तरी चालते. दुधाचं लोकांना सांगायला. दूध कोण पीत होतं, चांदी त्या दिवसांत भाकड असायची.

"मग त्या दिवशी काथोड बोलला का नाही? पंचांना सांगितलं असतं तर..."

"पाच पंच म्हंजे पाच गावं," पारू म्हणाली. "रेड्याला राखायला तो सोता निजायचा. म्हशीला कोन राखनार? तिला कुनी कायतरी चारलं असतं तर आमचं घरच बसलं असतं. नाव गेलं तर जाऊं दे बोलला, चांदी ऱ्हायली पाहिजे."

मी आढ्याकडे पाहिलं. बुधली अजून तिथंच होती, तेच फडकं, काळं पडलेलं. मी ती उतरवली, वास घेतला. तोच उग्र वास. आणि तिथं उभा असताना मला जी गोष्ट सुचली, ती दहा वर्षांपूर्वी सुचायला हवी होती. वाघाच्या चरबीचा वास कसा असतो हे मला माहीत नव्हतं. पाच पंचांपैकी एकालाही माहीत नव्हतं. आम्ही कोणी ती उभ्या जन्मात हुंगलेली नव्हती. करंजाच्या तेलाचा वास मात्र माझ्या घरातही होता, मुलांच्या खरजेवर पत्नी तेच लावायची.

तरीही मी माझ्या स्वभावावर गेलो. ही बाई तरी खरं सांगते कशावरून? नवऱ्याचं नाव धुवून निघावं असं तिलाही वाटणारच. मी तिला म्हणालो, मला एकदा बघायचं आहे. तिनं दावं सोडलं. वारा फिरायला अजून थोडा अवकाश होता. मी खाली पडलेला तूस उचलला, हवेत सोडला. चारला पंधरा मिनिटं कमी असताना तो पूर्वेकडे वाहू लागला. रेड्याला बाहेर पटांगणात बांधलं, तोंड पूर्वेला. म्हशीला त्याच्या मागं पश्चिमेला, पेंढ्याच्या उडवीआड. माझ्याजवळ घोंगडी नव्हती, छत्री होती. मी रेड्यासमोर दहा पावलांवर जाऊन ती फटकन उघडली. त्यानं कान हलवले, मान खाली घातली, शिंगं रोखली. एक पाऊलही मागं नाही. मग म्हशीला पूर्वेला घराआड नेऊन बांधलं आणि छत्री उघडली. रेडा दचकला, दाव्याला हिसका दिला, नाक वर करून डावीकडे, उजवीकडे... मी ते नाक ओळखलं. दहा वर्षांपूर्वी मेघ्याचं तसंच वर झालं होतं.

मी म्हैस पुन्हा पश्चिमेला बांधायला लावली. पुन्हा पूर्वेला. तीनदा इकडे, तीनदा तिकडे. सहाही वेळा तेच झालं. जेवून आलेले पुतणे कुंपणाशी उभे राहून हसत होते. एक सरकारी माणूस भर दुपारी रेड्याला छत्री दाखवतोय, हसणारच.

"पटलं?" पारूनं विचारलं. "का अजून एकदा छत्री उघडता?"

"पटलं," मी म्हणालो.

एका रेड्यावरून सिद्धांत मांडता येत नाही, हे मला कळतं. पण ज्या पुराव्यावर मी एका माणसाचं नाव घालवलं, त्यापेक्षा हा पुरावा नक्कीच जास्त आहे. माझ्या वहीतले आकडे सगळे बरोबर होते. वारा बरोबर, मिनिटं बरोबर, खुंट्यांची अंतरं बरोबर. त्यांच्यावरून मी काढलेला माणूस चुकीचा होता. येत्या माघात टकरी पुन्हा भरणार आहेत असं मेव्हणा लिहितो. मी तिथं जाऊन पंचांसमोर हे वाचून दाखवणार आहे, पण मैदानात आवाज पोचत नाही, आणि ज्यांनी त्या दिवशी ऐकलं त्यांतले पुष्कळ आता गावं सोडून कल्याणला, मुंबईला गेले. त्यांच्यासाठी हे वर्तमानपत्राच्या पुरवणीत लिहिलं. काथोड धर्मानं कधीही चरबी लावली नाही. त्याच्या गोठ्यात त्या वंशाचा एक रेडा शिल्लक आहे, चांगला उभा राहतो, मी स्वतः पाहिला आहे. ज्यांना आपली म्हैस न्यायची असेल त्यांनी खुशाल न्यावी. चांदीला मात्र हात लावू नये. पुतण्यांनाही मी सांगून आलो आहे की हद्दीत थोडा फरक निघतो, पुन्हा एकदा मोजावं लागेल, तोवर गोठा पाडता येणार नाही. वीस वर्षांच्या नोकरीत खोटी मोजणी मी याआधी केलेली नाही.

निघायच्या आधी साखळी गुंडाळली, टेप पिशवीत घातला. पारूनं म्हशीला परत तिच्या खुंट्याला बांधलं, रेड्याला त्याच्या. अर्ध्या कुडावरून वारा येत होता. मी दोघांच्या मधे, त्या सात हातांत उभा होतो आणि माझ्या पाठीवर म्हशीच्या अंगाचा उबदार, आंबूस वास येत होता. बाटलीत पाणी होतं, तरी मी पारूला म्हटलं, "वहिनी, थोडं पाणी द्याल का?"

तिनं माझ्याकडे बघितलं. मग आत गेली. हंड्यात तांब्या बुडाल्याचा आवाज आला.